आठवं नाव

उज्ज्वला शेडगेबाई कामाच्या बाबतीत भलत्या काटेकोर. उत्तरपत्रिकेतला अर्धा गुण दोनदा तपासायच्या, गॅस बंद केलाय ना हे बघायला फाटकातून परत यायच्या. वर्गात कुणी 'असं म्हणतात' अशी सुरुवात केली की 'कोण म्हणतं?' असं विचारून त्याची बोलती बंद करायच्या. अशा बाईंनी चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एकच बटण न वाचता दाबलं. त्या एका बटणानं त्यांच्या मोठीआईला पंचावन्न वर्षांपूर्वीच्या नदीत बुडवून टाकलं.

मोठीआई मेली नव्हती. ती पलीकडच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. सगळी अडचण तीच होती.

इथं हे नातं जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातूनच घडलं. उज्ज्वलाची आई इंदूबाई आणि मोठीआई या सख्ख्या बहिणी. नदीपल्याडच्या मोरशेतच्या. एकाच घरात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरलीचं माहेरचं नाव हौसा. एकोणऐंशी साली ती शिंगणवड्याच्या शेडग्यांकडे आली, आणि रीतीप्रमाणे नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, सुमन. दोन वर्षांनी धाकट्या भावाशी इंदूचं लग्न झालं. तिचं नाव कुणी बदललं नाही, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली, "हितं बहीणबिहीण काय न्हाय. थोरली जाऊ हाय ती तुजी. जाऊबाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं."

तेव्हापासून चारचौघांत "जाऊबाई, तुम्ही" आणि परसात धुण्याच्या दगडावर दोघीच असल्या की "आक्का, तू" असं सुरू झालं. सासूबाई गेल्या, पुढं दोघींचे नवरेही गेले, पण सवय गेली नाही. मोरशेतचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथली माणसं चार तालुक्यांत पांगली. शिंगणवड्यात कुणाला हौसा माहीत नव्हती, सुमनकाकू सगळ्यांना माहीत होती. लग्न न केलेली उज्ज्वला या दोघींबरोबर त्याच घरात राहत होती आणि जन्मापासून थोरलीला मोठीआई म्हणत आली होती. मावशी म्हणायची कधी गरजच पडली नव्हती.

आता बखरविषयी. बखर नावाचं ते साधन त्या वर्षी सगळ्या शाळांना फुकट मिळालं. 'माझ्या गावाचा इतिहास' या स्पर्धेसाठी मुलांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, जुने फोटो आणि शाळेचे दाखले गोळा करायचे, सगळं बखरला द्यायचं. बखर त्यातून वीस मिनिटांचा चित्रपट बनवून द्यायचं, त्यात मेलेली माणसं चालायची-बोलायची. त्याची रीत अशी होती: प्रत्येक माणसाची एक गाठ बांधायची, माणसामाणसांमध्ये प्रसंगांचे धागे ओढायचे. जिथं धागा तुटलेला असेल तिथं लाखो घरांच्या गोष्टींवरून हिशोब करायचा, की अशा काळात, अशा जागी, अशा माणसाचं बहुधा काय झालं असेल. जे बहुधा झालं असेल ते चित्रात दाखवायचं. जुने बखरकार तरी दुसरं काय करत होते? फक्त त्यांना इतक्या लवकर जमत नसे. 'काही प्रसंग संभाव्य आहेत' ही ओळ चित्रपटाच्या शेवटी तीन सेकंद दिसायची, तोवर लोक टाळ्या वाजवायला लागलेले असत.

इंदूबाईंना त्याच सुमाराला पक्षाघाताचा हलका झटका आला होता. हातपाय सुधारले, पण बोलताना गाडी अडायची. साताऱ्याच्या डॉक्टर मोकाशी म्हणाल्या, "जुन्या गोष्टी बोलत्या करा. जितकं आठवतील तितकं बरं." उज्ज्वलाला बखर आयतंच सापडलं. शाळेची एक टॅब्लेट घरी आणून तिनं आईसमोर ठेवली. बखर गोड आवाजात विचारायचं, "इंदूआजी, काल आपण नदीपर्यंत आलो होतो. पुढं?" इंदूबाई सांगायच्या. तासाभरात त्यांनी सांगितलेलं पडद्यावर हलायला लागायचं. मोरशेतचा काठ, खळ्यातले बैल, परकर-पोलक्यातल्या दोन पोरी. इंदूबाई हरखून जायच्या. "आगं बया! आस्संच हुतं!"

रोज दुपारी हे चालायचं. उज्ज्वला शाळेत, मोठीआई जेवून आडवी झालेली. सोळा आठवड्यांत आईची जीभ मोकळी झाली, चेहऱ्यावर रंग आला. उज्ज्वलाला वाटलं, देवच पावला.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी नववीतली ज्ञानदा शिक्षकांच्या खोलीत आली. प्रकल्पाची सगळी जुळणी तिच्याकडे होती. "बाई, बखर अडलंय. सेहेचाळीस प्रश्न विचारतंय. हा माणूस तोच का, ही बाई तीच का, असले. रोजच्या चित्रांत आतापर्यंत अंदाजानं धरून चाललं होतं, आता पक्कं करायचंय म्हणे."

उज्ज्वलाच्या पुढ्यात जनगणनेचे तीनशे घरांचे अर्ज होते, आणि ते पाचच्या आत वर चढवायचे होते. तिनं टॅब्लेट हातात घेतली. खाली हिरवं बटण होतं: 'उरलेले दुवे बखरनेच जोडावेत'. तिनं ते दाबलं आणि टॅब्लेट परत दिली.

तिसऱ्या प्रश्नात विचारलं होतं, हौसा आणि सुमन एकच का?

*

चित्रपट पहिला आला. जिल्ह्यात पहिला. घरी पडद्यावर तो लावला तेव्हा उज्ज्वलाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही बहिणी बसल्या होत्या.

बारा मिनिटं सगळं झकास होतं. मग एकोणऐंशीचा श्रावण आला. नवी नवरी हौसा पहिल्या नागपंचमीला माहेरी निघाली. नाव माणसांनी भरलेली. मोरशेतच्या काठावर धाकटी इंदू वाट बघत उभी. मधल्या धारेत नाव कलली. त्या दिवशी सात माणसं बुडाली होती हे खरंच होतं, तालुक्यातल्या जुन्या वर्तमानपत्रात ती सात नावं होती. बखरनं आठवं जोडलं. पाण्यावर हिरवा चुडा भरलेला एक हात वर आला आणि खाली गेला. पुढच्या प्रसंगात शेडग्यांच्या थोरल्या मुलानं दुसरं लग्न केलं. दुसरीचं नाव सुमन.

मोठीआई फसकन हसली. "आगं, पोरींनी मला बुडवली की गं! त्या दिशी कासार उशिरा आला, बांगड्या भरेपर्यंत नाव सुटली. दुसऱ्या दिशी यष्टीनं पुलावरनं गेले मी. इंदे, सांग की हिला."

इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मीच निरोप धाडला हुता. यष्टीनं नको, नावेनं ये, लौकर पोचशील म्हणून. मी बोलावली म्हणून गेली माझी आक्का."

"इंदे, मी हितं हाय की."

इंदूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही असं नव्हतं. "तुमचं काय जातंय, जाऊबाई? तिची जागा रिकामी झाली म्हणून तुम्हाला घर मिळालं."

मोठीआईच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. उज्ज्वलाला वाटलं, थकवा असेल, सकाळपर्यंत उतरेल.

सकाळी मोठीआईनं नेहमीसारखा चहा आणून ठेवला. इंदूबाईंनी तो मोरीत ओतला.

*

"आठवण म्हणजे कपाटात जपलेला फोटो नव्हे," डॉक्टर मोकाशी म्हणाल्या. "ती दर वेळी नव्यानं मळलेली कणीक असते. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती उकलतो, आणि पुढचे काही तास ती ओली असते. त्या वेळात शेजारी जे पडेल ते तिच्यात मिसळतं. मग ती पुन्हा घट्ट होते. आधीची वेगळी अशी प्रत कुठंच उरत नाही. तुमचं माझंही असंच चालतं. तुमच्या आईचा मेंदू आजारातून सावरत होता, नवे सांधे जुळवत होता. त्यांची कणीक जास्तच ओली होती."

"आणि मी रोज दुपारी..."

"रोज दुपारी त्यांनी आठवण काढली, आणि ती ओली असताना यंत्रानं त्यांना चित्र दाखवलं. त्या 'असंच होतं' म्हणाल्या. ते यंत्रानं साक्ष म्हणून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या साक्षीवर आणखी पक्कं चित्र दाखवलं. यंत्र त्यांच्याकडून शिकलं, त्या यंत्राकडून शिकल्या. सोळा आठवडे. 'ती त्या नावेनं आलीच नाही' एवढंच त्या सुरुवातीला बोलल्या असतील. ते खरंच आहे ना?"

उज्ज्वलानं होकारार्थी मान हलवली.

"त्या सुमनबाईंना विसरलेल्या नाहीत, हौसाला तर मुळीच नाहीत. दोघींमधला सांधा तेवढा गेलाय." डॉक्टरांनी चष्मा काढला. "जुन्या गोष्टी बोलत्या करा, असं मीच सांगितलं होतं. हे मी विसरलेले नाही."

"परत जोडता येईल?"

"वाद घालू नका. वाद घातला की त्या नदीचा तोच प्रसंग पुन्हा काढणार, आणि तो आणखी घट्ट होणार."

म्हणजे गप्प बसावं तर आई मोठीआईच्या हातचं पाणी पीत नाही, आणि बोलावं तर बुडणं पक्कं होतं. बसमध्ये उज्ज्वला खिडकीला डोकं टेकून रडली. बाजूच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का हो घरातलं? काय सांगणार? ती नुसतीच 'हो' म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच्याच शब्दानं शहारली.

*

चित्रपट मागं घ्यायचा तिनं प्रयत्न केला. बखर फुकट होतं, कारण दिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मोठ्या कोठारात जायची आणि तिथून इतर शाळांच्या प्रकल्पांना पुरवली जायची. मोरशेतची पांगलेली माणसं ज्या ज्या गावी गेली होती तिथल्या मुलांनीही प्रकल्प केले होते. त्या सगळ्यांत आता हौसा बुडत होती. उज्ज्वलानं दुरुस्तीचा अर्ज भरला: हौसा आणि सुमन एकच, ती जिवंत आहे, मी तिची पुतणी आणि भाची. दोन दिवसांनी उत्तर आलं.

'आपल्या माहितीबद्दल आभार. आपला दावा त्रेसष्ट साक्षींशी जुळत नाही. त्यांपैकी अकरा प्रत्यक्षदर्शी आहेत. कृपया पुरावा जोडावा.'

अकरा प्रत्यक्षदर्शी! शिंगणवड्यात सत्तरीच्या पुढची माणसंच अकरा उरली होती. ती तडक गणपत तात्यांकडे गेली. तात्या अंगणात उन्हाला बसले होते.

"तात्या, तुम्ही माझ्या चुलत्यांच्या लग्नात जेवलात. एकाच लग्नात. दुसरं झालंच नाही, आठवतंय ना?"

"झालं की. घाईत उरकलं, म्हणून लोकांस्नी ठावं न्हाय." तात्यांनी दोन्ही हात पुढं केले. "अन् हौसाला बाहेर कुणी काढली? म्या काढली. ह्या हातांनी. हिरवा चुडा हुता, अजून डोळ्यांपुढनं जात न्हाय."

तात्या खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो चित्रपट नऊ वेळा दाखवला होता आणि तात्या नऊही वेळा पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येक खेळानंतर मुलं म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवून बखरला देत होती. उज्ज्वलानं त्यांना पाणी दिलं आणि उठली.

पुरावा कुठला आणणार? हौसाचा कागद म्हणजे चौथीचा दाखला, तिथं ती संपत होती. सुमनचे कागद लग्नानंतर सुरू होत होते. मधे होतं ते तांदळात लिहिलेलं नाव. ते तांदूळ त्याच संध्याकाळी शिजले होते.

मग तिला सुचलं, रक्त तर बदलत नाही! तिनं आईच्या आणि मोठीआईच्या गालातला ओलावा कापसावर घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. आईला सांगितलं, औषधासाठी लागतंय. तीन आठवडे ती टपालाकडे डोळे लावून बसली. अहवाल आला: दोघी सख्ख्या बहिणी, शंकेला जागा नाही. तिनं तो हातानं कुरवाळला. मग बखरला पाठवला.

उत्तर लगेच आलं. 'अमूल्य पुराव्याबद्दल आभार. नोंद सुधारली आहे. सुमन ही हौसा आणि इंदू यांची तिसरी सख्खी बहीण. थोरली गेल्यावर त्याच घरात बहीण देण्याची रीत त्या काळी होती, त्यामुळे ही माहिती प्रसंगाशी उत्तम जुळते.'

उज्ज्वला हसायला लागली. हसता हसता खुर्चीत वाकली आणि तिचं तिलाच कळलं नाही रडू केव्हा फुटलं. खऱ्या पुराव्याचा एकेक दगड ती आणून देत होती आणि हे यंत्र त्या दगडांनी खोट्याची भिंत बांधत होतं. सुधारलेला चित्रपट गावात पुन्हा दाखवला गेला, आणि महिन्याभरात नदीकाठी बुडालेल्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. आठ नावं. अनावरणाला गावानं मानानं इंदूबाईंना बोलावलं. मोठीआई घरातच बसली.

*

"तू नको मधे पडूस," एका सकाळी मोठीआई म्हणाली. "माझी बहीण हाय. माझं मी बघते."

परसात इंदूबाई ऊन खात बसल्या होत्या. मोठीआई त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"इंदे, एक सांगते. तुला नि मलाच ठावं असलेलं. तू सात वर्षांची हुतीस. आईच्या नथीतला मोती तू गिळलास. आईला कळू नये म्हणून मी सांगितलं, माझ्याकडनं विहिरीत पडला. मार मी खाल्ला. हाय का न्हाय?"

इंदूबाईंचा चेहरा हलला. उज्ज्वला दारातून एक पाऊल पुढं आली.

"हाय," इंदूबाई म्हणाल्या. "पण ते समद्यांस्नी ठावं हाय. बखरीत हाय ते. सगळ्या शाळेनं बघितलंय."

"बरं. तुला पहिल्यांदा कावीळ झाली तवा मी खंडोबाला काय बोलले?"

"केस देईन म्हणालीस... म्हणाली ती. तेबी हाय बखरीत."

मोठीआई सांगत गेली. चिंचेखाली पुरलेली बाहुली. शेजारच्या मुलाची चिठ्ठी. बापानं मारलं त्या संध्याकाळी एका पांघरुणात दोघींनी खाल्लेली कैरी. प्रत्येक गोष्टीला इंदूबाई मान डोलवत होत्या आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत होत्या, हाय बखरीत. सोळा आठवडे त्यांनी सगळं देऊन टाकलं होतं. दोघींच्यात म्हणून एक गोष्ट उरली नव्हती.

शेवटी मोठीआईचा आवाज चिरकला. "आगं, मग माझ्या तोंडाकडं बघ की! बहिणीचं तोंड कळत न्हाय व्हय तुला?"

इंदूबाईंनी नीट पाहिलं, बराच वेळ. "दिसता थोड्या तिच्यासारख्या," त्या हळूच म्हणाल्या. "तिसरी न्हवं का तुम्ही. पर आक्का विसाव्या वर्षी गेली. तिला कुठनं आल्या एवढ्या सुरकुत्या?"

मोठीआई उठली. भिंतीला धरत धरत आत आली आणि उज्ज्वलाच्या पुढ्यात उभी राहिली. "उजे, खरं सांग. तुला तरी ठावं हाय ना मी कोण?"

"मोठीआई, असं काय विचारतेस?"

पण उत्तर द्यायला तिला एक क्षण लागला होता. तो चित्रपट तिनंही चाळीसेक वेळा पाहिला होता, चुका शोधायला म्हणून. हल्ली डोळे मिटले की हिरवा चुडा तिलाही दिसायचा, आणि परसात एकमेकींना 'आक्का, इंदे' म्हणणाऱ्या दोघी दिसायला वेळ लागायचा. ती आत गेली, वहीचं पान फाडलं, ठळक अक्षरात लिहिलं: 'हौसा म्हणजेच सुमन. ती जिवंत आहे. मी हे शुद्धीत लिहिते आहे.' खाली तारीख घातली, सही केली आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तिनं तो दोनदा वाचला. वर्गात एखाद्यानं असा कागद आणून दाखवला असता तर तिनं विचारलं असतं, कशावरून?

*

श्रावण लागला आणि इंदूबाईंनी अन्न सोडलं. आधी भात नको म्हणाल्या, मग भाकरी. आठ दिवसांत हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, शरीराचं दुखणं नाही, मनावर घेतलंय. नागपंचमीला चार दिवस होते.

"आई, काय पाहिजे तुला? सांग, मी काहीही करते," उज्ज्वला त्यांच्या पायाशी बसून म्हणाली.

"मला काय नको. माझ्या आक्काचा मान पाहिजे." इंदूबाईंचा आवाज खोल गेला होता. "सवत मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा असतो. पंचावन्न वर्सं झाली, ह्या बाईनं एक दीस घातला न्हाय. माझी आक्का उघड्यावर फिरती हाय. रोज येती, पाण्यानं निथळत. मी कुठल्या तोंडानं जेवू?"

टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. पहिल्या बायकोच्या नावानं दुसरी तो गळ्यात बांधायची, म्हणजे गेलेली शांत होते, घर धरून राहते. उज्ज्वलाच्या पिढीत कुणी घातलेला नव्हता.

"नाही," उज्ज्वला बाहेर येऊन मोठीआईला म्हणाली. "अजिबात नाही. एवढं तरी मी होऊ देणार नाही. तू हे घातलंस की संपलं, मग तू स्वतःच साक्ष दिलीस. चौसष्टावी. मला आणखी थोडा वेळ दे. मी दुसरा चित्रपट करते, तू पाण्यातून वाचलीस असा. त्याच यंत्रानं तिच्या मनात घालते."

"म्हंजी खोट्यावर खोटं."

"हो! खोट्यावर खोटं! पण तू परत येशील ना."

मोठीआईनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "अन् त्याला किती दीस लागतील?"

सोळा आठवडे, उज्ज्वलाच्या मनात आलं. आतून आईच्या खोकल्याचा बारीक आवाज आला.

"ती तेवढी टिकणार न्हाय," मोठीआई म्हणाली. "आगं, मोती विहिरीत पडला सांगून मी मार खाल्ला तो का खाल्ला? ती लहान हुती म्हणून. अजून लहानच हाय की ती." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "मी कोण हाय हे मला ठावं हाय. तेवढं पुरं हाय आता. तू सोनाराकडं जा."

उज्ज्वला गेली. रस्ताभर तिला वाटत होतं की कुणीतरी अडवावं, विचारावं, बाई, कुणासाठी नेताय? कुणी विचारलं नाही. सोनारानं मात्र आपणहून हात जोडले. "हौसाक्कांचा ना? घडणावळ नको बाई. आमच्या पोरानं बघितलाय पिच्चर."

नागपंचमीच्या सकाळी मोठीआईनं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक गळ्यात बांधला. गाठ उज्ज्वलानं मारली. दोनदा सुटली. मग मोठीआईनं दूध-भाताची वाटी घेतली आणि बहिणीच्या खाटेशी जाऊन बसली.

इंदूबाईंनी टाक पाहिला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. कित्येक महिन्यांत उज्ज्वलानं तो असा पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढं केला, चांदीवरून अंगठा फिरवला. मोठीआईनं घास पुढं केला आणि इंदूबाईंनी तोंड उघडलं. एक घास. दुसरा घास. उज्ज्वलानं भिंतीला टेकून डोळे पुसले.

वाटी अर्धी झाली तेव्हा इंदूबाईंनी मोठीआईच्या गळ्याशी तोंड नेलं, अगदी जवळ, आणि परसातल्या त्या जुन्या, मऊ आवाजात विचारलं, "आक्का, तू जेवलीस का गं?"

"जेवले गं, इंदे," मोठीआई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी थेट बहिणीच्या केसांत पडलं.

इंदूबाईंनी मान वर केली.

"तुम्हाला न्हाय इचारलं, जाऊबाई."